विखुरलेल्यांचा प्रतिनिधी कोण?

आमच्या जामखेड तालुक्यात चौंडी नावाचे गाव आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी तेथे झाला, हे आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. आणि आता जिल्ह्याचेच नाव अहिल्यानगर झाल्याने ते कोणास विसरावयाचे म्हटले तरी विसरता येणार नाही. २०२५ साली बाईंच्या जन्मास ३०० वर्षे पुरी झाली. त्या निमित्ताने मुलांनी जे निबंध लिहिले, त्यांत काशीचे देऊळ आले, घाट आले, धर्मशाळा व विहिरी आल्या. हे सर्व यथायोग्यच आहे. परंतु बाईंच्या राज्यकारभारातील एक लहानशी गोष्ट अशा निबंधांतून सहसा आढळत नाही, आणि आज आम्हांस जे लिहावयाचे आहे त्याचा प्रारंभ त्याच गोष्टीपासून होतो.

सर जॉन माल्कम यांनी १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात ती नमूद आहे. माळव्याच्या डोंगरवाटांवर भिल्ल लोकांकडून व्यापाऱ्यांस व प्रवाशांस उपद्रव होत असे. बाईंनी कित्येक दांडग्या म्होरक्यांस कठोर शिक्षा केल्या, हे खरे आहे. परंतु तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. आपल्या डोंगरातून जाणाऱ्या मालावर अल्पसा कर घेण्याचा भिल्लांचा पूर्वापार हक्क होता; त्यास 'भीलकवडी' म्हणत. बाईंनी हा हक्क मान्य केला, आणि त्याच्या बदल्यात पडीक जमीन लागवडीस आणण्याची व आपल्या हद्दीतील वाट निर्भय राखण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. ज्यांस इतर लोक केवळ लुटारू म्हणत, त्यांचाही काही हक्क असू शकतो, तो कागदावर नसला तरी खरा असू शकतो, आणि हक्क मान्य केला म्हणजे जबाबदारीही मागता येते, एवढा विचार त्या व्यवहारात होता. राज्य चालविणारास तो सुचणे ही सामान्य गोष्ट नव्हे, हे पुढील शतकाकडे पाहिले असता ध्यानात येते.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो आरंभी उत्तरेकडील प्रांतांपुरता होता. १९११ च्या कायद्याने तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानास लागू करता येईल असा झाला, आणि १९२४ साली त्याची पुन्हा नवी रचना झाली. ह्या कायद्यान्वये सरकारने एखादी जमात गुन्हेगार आहे असा जाहीरनामा काढला की, त्या जमातीत जन्मास येणारे मूल पाळण्यातच संशयित ठरे. मोठ्या माणसांनी ठरल्या वेळी पोलिसांकडे हजेरी द्यावयाची, गाव सोडताना परवानगी घ्यावयाची. मुलांस आईबापांपासून काढून निराळ्या सुधारणागृहांत ठेवण्याचीही तरतूद होती. आणि ह्या सर्वांहून विलक्षण गोष्ट ही की, त्या जाहीरनाम्याच्या खरेखोटेपणाविषयी कोणत्याही न्यायालयास प्रश्न करण्याची मुभा नव्हती. चोरावर खटला भरला तर त्यास वकील देता येतो. येथे जमातीवरच ठपका होता आणि वकिलाने उभे राहावे अशी जागाच नव्हती.

मुंबई इलाख्यात अशा जमातींसाठी सोलापूर, हुबळी, गदग, विजापूर, बारामती इत्यादी ठिकाणी वसाहती काढण्यात आल्या; लोक त्यांस 'सेटलमेंट' म्हणत. येथे मिशनच्या शाळेचे मासिक म्हणून आम्हांस एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. ह्यांपैकी काही वसाहती चालविण्यात मिशनऱ्यांचा हात होता. मुक्तिफौजेचे फ्रेडरिक बूथ-टकर यांनी १९०८ च्या सुमारास उत्तरेत हे काम अंगावर घेतले. सोलापूरच्या वसाहतीची व्यवस्थाही काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती. त्या सद्गृहस्थांनी तेथे शाळा चालविल्या, आजाऱ्यांस औषध दिले, गिरणीत कामधंदा मिळवून दिला; त्यांच्या दयाबुद्धीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु फाटकाची किल्ली त्यांच्या हाती होती, आणि ती किल्ली आपल्या हाती का असावी असा प्रश्न त्यांच्यापैकी फार थोड्यांनी केलेला दिसतो. आम्ही त्याच परंपरेतील आहोत. म्हणून हा प्रश्न आज करण्याचा अधिकार आम्हांस इतरांहून अधिक आहे असे नव्हे, पण जबाबदारी मात्र अधिक आहे.

आमचा तालुका ह्या गोष्टीपासून दूर नव्हता. जामखेड हा बालाघाटच्या कडेचा मुलूख. १९४८ पर्यंत ह्या तालुक्याची गावे निजामच्या गावांत अशी गुंतलेली होती की, एक ओढा ओलांडला की राज्य बदले आणि दुसरा ओलांडला की पुन्हा इंग्रजी हद्द लागे. पारधी लोकांस ह्या सरहद्दी कधीच ठाऊक नव्हत्या. तितर, लावा, ससा जिकडे, तिकडे त्यांचे फासे व त्यांची पाले. सरकारी दृष्टीने मात्र हे नुसते फिरणे नव्हते. एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत निसटणे होते. ज्याचे घर पाठीवर आहे, त्यास परवान्यावाचून गाव सोडू नको म्हणणे म्हणजे माशास पाणी सोडू नको म्हणण्यासारखे दिसते खरे, पण येथे आज्ञेचा अर्थ उलटा होता: पाण्यात राहू नको, असाच तो होता.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा साऱ्या देशातून रद्द झाला. ह्या जमातींस तेव्हापासून विमुक्त म्हणतात, आणि तो दिवस त्या आपला स्वातंत्र्यदिन म्हणून पाळतात. देशास जे १९४७ मध्ये मिळाले ते त्यांस पाच वर्षांनी मिळाले. परंतु मागच्या दाराने दुसरा कायदा आत आला. सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे निरनिराळ्या प्रांतांनी केले. आमच्याकडचा १९५९ चा आहे. शब्दांत तो कोणत्याही जमातीचे नाव घेत नाही. तरीही चोरी झाली की पोलिसांची पावले प्रथम कोणत्या वस्तीकडे वळतात, हे तालुक्यातील कोणत्याही पालकास विचारावे. सुकन्या शांता यांनी तुरुंगांतील जातिभेदाविरुद्ध केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी जो निकाल दिला, त्यात ह्या विमुक्त जमातींचा स्वतंत्र विचार केला आहे. जन्मावरून कोणास सराईत ठरविता येणार नाही, आणि ह्या लोकांस मनमानी अटक होऊ नये ह्याची पोलिसांनी काळजी घ्यावी, असे न्यायालयाने बजाविले. कायदा रद्द होऊन ७२ वर्षे लोटल्यावर देशाच्या सर्वोच्च न्यायपीठास हे सांगावे लागले!

पोलिसांसच दोष देऊन आम्हांस मोकळे होता येणार नाही. कित्येक वर्षांपूर्वी आम्ही ज्या शाळेत शिकवीत होतो, तेथे एका मुलाची कंपासपेटी नाहीशी झाली. वर्गात एक पारध्याचा मुलगा होता. कोणी त्याचे नाव घेतले नाही. परंतु सर्वांनी एकाच वेळी त्याच्याकडे पाहिले, आणि त्या पाहणाऱ्यांत आम्हीही होतो. पेटी अखेरपर्यंत सापडली नाही. तो मुलगा दुसऱ्या दिवसापासून शाळेत आला नाही. त्याचे पाल कोठे होते ते शोधावयास आम्ही चार दिवसांनी गेलो. तेव्हा तेथे चुलीचे तीन दगड होते.

असो. मूळ विषयाकडे वळतो. संविधानाने आदिवासींस जे हक्क दिले, ते पारध्यांस मिळाले नाहीत काय? मिळाले, असे कागदावर म्हणता येते. फासेपारधी ही अनुसूचित जमात आहे. परंतु पालपारधी व राजपारधी ह्यांस मात्र महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत घातले आहे. अनुसूचित जमातीस विधानसभेत व लोकसभेत राखीव जागा आहेत. विमुक्तांस शिक्षणात व नोकरीत सवलत आहे, पण विधिमंडळात त्यांच्यासाठी राखीव जागा नाही. बंजारा समाजाची गोष्ट तर प्रसिद्धच आहे: तेलंगणात तो अनुसूचित जमात, कर्नाटकात अनुसूचित जात, आणि महाराष्ट्रात विमुक्त जात. कैकाडी समाज विदर्भातील बहुतेक जिल्ह्यांत एका यादीत आणि आमच्याकडे दुसऱ्या यादीत. ह्या याद्यांत नाव घालणे अथवा काढणे संसदेच्याच हाती आहे, आणि यादीत जे लिहिले आहे ते जसेच्या तसे वाचावयाचे, त्यात न्यायालयाने भर घालावयाची नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ठरविले आहे. तेव्हा माणसाचे भाग्य यादीतल्या एकेका अक्षरावर अवलंबून राहते. 'धनगड' की 'धनगर' ह्या वादात आमच्याच चौंडीस २०२३ मध्ये उपोषणे झाली. त्या वादाच्या गुणदोषांत आम्ही येथे शिरत नाही.

यादीत नाव असले तरी ते आपलेच आहे हे सिद्ध करावे लागते. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी पाहतात ती तारीख ६ सप्टेंबर १९५०. विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. त्या तारखेपूर्वी कुटुंबाचे वास्तव्य कोठे होते, आजोबा कोणत्या शाळेत होते, त्यांच्या नावापुढे काय लिहिले होते, ह्याचा पुरावा आणावा अशी अपेक्षा असते. आता ज्याच्या आजोबाने शाळेचे तोंड पाहिले नाही, ज्याचा बाप बोरीच्या झाडाखाली जन्मला, त्याने तो आणावा कोठून? फासेपारध्यांच्या कित्येक कुटुंबांत जुना सरकारी कागद म्हणून जर काही निघण्यासारखा असेल, तर तो पोलिसांच्या हजेरीच्या वहीतलाच. ज्या वहीने आजोबास चोर म्हटले, तीच नातवाची आदिवासी म्हणून साक्ष देणारी! ह्यापुढे विनोद करण्याची आमची छाती नाही.

गेल्या जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी एक बाप आपल्या मुलीस घेऊन आला होता. जन्मस्थान विचारता तो म्हणाला, "वाटेवर, मास्तर." कारकुनाने लेखणी वर धरली. आम्ही थोडा वेळ विचार करून, त्या ऋतूत त्यांचे पाल ज्या गावाच्या शिवारात होते त्या गावाचे नाव लिहिण्यास सांगितले, आणि जातीच्या रकान्यात त्याने जो शब्द उच्चारला तोच, एक अक्षर इकडेतिकडे न करता, लिहून घेतला. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील ती एक ओळ पन्नास वर्षांनी त्या मुलीच्या नातवंडास कामी पडेल. अनेक शाळांतून पूर्वी नुसते 'पारधी' किंवा नुसते 'हिंदू' असे लिहून रकाना भरला जाई. लिहिणाऱ्यास ती घाई होती. भोगणाऱ्यास पिढ्यांचा खोळंबा झाला.

आता भूमीविषयी. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्या आदिवासींस कसत असलेल्या जमिनीचा हक्क दिला. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेस आपल्या जमिनीवर, पाण्यावर, गौण वनोपजावर बोलण्याचा अधिकार दिला; त्याचे महाराष्ट्रातील नियम २०१४ साली झाले. आमच्याच जिल्ह्यात अकोले तालुक्याचा डोंगरी भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. तेथील महादेव कोळी समाज पिढ्यान् पिढ्या एका जागी नांदत आला. त्याच समाजातील देवगावचे राघोजी भांगरे इंग्रजांविरुद्ध उठले व २ मे १८४८ रोजी ठाण्यास फासावर गेले. आणि त्याच समाजातील मधुकर पिचड १९८० पासून अनेक वेळा अकोल्याहून विधानसभेत गेले, व आदिवासी विकासखात्याचे मंत्रीही झाले. ह्याचा अर्थ असा नव्हे की अकोल्याचे सर्व दुःख सरले. पण तेथील माणसास आपले गाऱ्हाणे कोणाकडे न्यावे हे ठाऊक आहे, आणि पाच वर्षांनी त्याचे मत मागावयास कोणी तरी येतो.

जामखेडच्या पारध्यास ह्यांपैकी काही नाही. तो राहतो त्या माळास जंगल म्हणत नाहीत. म्हणून वनहक्क नाही. तालुका अनुसूचित क्षेत्र नाही. म्हणून पेसा नाही. शिकार हा त्याचा धंदा होता, तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाला. शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीस १९८० मध्ये काळविटांचे अभयारण्य झाले, आणि काळवीट वाचले ह्याचा आम्हांस आनंद आहे. परंतु काळविटास जसा कायद्याने निवारा दिला, तसा फासे खाली ठेवणाऱ्यास दुसरा धंदा कोणी दिला नाही. राहता राहिले गायरान. कोणी दोन एकर गायरान कसले, कोणी तेथे खोपट घातले, तर तो अतिक्रमण करणारा. गावच्या सामायिक जमिनीवरील अतिक्रमणे काढावीत असा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निर्णय आहे, आणि गावाच्या गुरांचा विचार करता तो अयोग्य नाही; परंतु त्याच निर्णयात भूमिहीन मजुरांस व अनुसूचित जातिजमातींस सरकारी आज्ञेने दिलेल्या जमिनीसाठी अपवादाची वाट ठेवलेली आहे. ती वाट दाखवावयास वस्तीवर कोणी जात नाही. नोटीस मात्र वेळेवर पोचते. आणि जिल्ह्याचे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय कोठे? राजूरला, अकोले तालुक्यात. जामखेड जिल्ह्याच्या आग्नेय टोकास, राजूर वायव्य टोकास. ज्याची रोजची मजुरी बुडाली की रात्रीची चूल बुडते, त्याने एका दाखल्यासाठी एवढी मजल कितीदा मारावी?

येथे आमच्या मते मूळ दुखणे हाती लागते. आमच्या कायद्याने आदिवासींचे हक्क बहुतेक ठिकाणी भूमीशी बांधले आहेत. क्षेत्र अनुसूचित, मतदारसंघ राखीव, जंगल हक्काचे. जे एका जागी दाट वस्तीने राहतात त्यांस हे फळ मिळते; जे विखुरलेले आहेत ते यादीत असूनही बाहेर राहतात. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी २५ अनुसूचित जमातींसाठी आहेत. त्या जेथे त्यांची संख्या दाट तेथेच असतात, आणि ते स्वाभाविकही आहे. आमचा कर्जत-जामखेड मतदारसंघ सर्वसाधारण आहे. ग्रामपंचायतीतील राखीव जागा त्या गावच्या लोकसंख्येच्या प्रमाणात द्यावयाच्या असतात. ज्या गावी पारध्यांची चार घरे, तेथे ते प्रमाण एका जागेइतके भरतच नाही. अशी चार चार घरे तालुक्यात कित्येक गावी आहेत. सर्वांची बेरीज केली तर ती उपेक्षणीय नव्हे. परंतु बेरीज करणारा कायदा नाही.

जयपालसिंग मुंडा यांचे नाव आमच्या खेळाडू विद्यार्थ्यांनी ऐकले असेल. १९२८ साली आम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये हिंदुस्थानच्या हॉकी संघाचे ते कर्णधार होते. रांचीच्या मिशनशाळेत ते शिकले, पुढे ऑक्सफर्डला गेले, आणि १९ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत आदिवासींच्या वतीने उभे राहिले. लोकशाही म्हणजे काय हे आदिवासींस शिकविण्याची गरज नाही, ती त्यांच्यापासूनच शिकावी, अशा आशयाचे ते भाषण प्रसिद्ध आहे. त्यांनी काढलेला झारखंड पक्ष १९५२ च्या निवडणुकीनंतर बिहारमधील प्रमुख विरोधी पक्ष झाला, आणि त्यांच्या मृत्यूनंतर ३० वर्षांनी, १५ नोव्हेंबर २००० रोजी, झारखंड राज्य अस्तित्वात आले. एवढा मोठा पुढारी निपजण्यास त्यांची बुद्धी कारण झाली, हे खरेच. पण त्यांच्यामागे छोटा नागपूरचे सलग पठार होते आणि त्यावर लाखो मते होती. समजा तेच जयपालसिंग बालाघाटच्या माळावर एखाद्या पालात जन्मले असते, तर ते कोणत्या मतदारसंघातून उभे राहते?

कोणी म्हणेल, विखुरलेल्या लोकांस प्रतिनिधी देण्याची रीतच नाही, मग कायद्याने करावे तरी काय? हे म्हणणे बरोबर नाही. ती रीत आमच्या संविधानासच ठाऊक होती. अँग्लो-इंडियन समाज हा असाच देशभर विखुरलेला. कोणत्याही एका मतदारसंघात त्याचे मत चालण्यासारखे नव्हते. म्हणून लोकसभेत त्याचे दोन प्रतिनिधी नेमण्याची व प्रांतिक विधानसभेत एक नेमण्याची तरतूद करण्यात आली, आणि ती २०२० च्या जानेवारीपर्यंत चालू होती. ती का बंद झाली हा वेगळा प्रश्न. ती ७० वर्षे चालली आणि तीमुळे देशाचे ऐक्य बिघडले नाही, एवढे आमच्या मुद्द्यास पुरे. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांसाठी १८६७ पासून पार्लमेंटात जागा आहेत. आज त्या सात आहेत. माओरी मतदार देशात कोठेही राहो, त्याने माओरी यादीत नाव घालावयाचे की सामान्य यादीत, हे त्याच्या इच्छेवर असते. नॉर्वेतील सामी लोकांची १९८९ पासून चालू असलेली सभाही त्यांच्या स्वतःच्या मतदारयादीवरून निवडली जाते. आणि आमच्या ख्रिस्ती वाचकांस लेवी वंशाचे स्मरण व्हावे. कनान देशाच्या वाटणीत त्या वंशास प्रांत मिळाला नाही. तरी इतर वंशांच्या वाट्यांतून त्यास ४८ नगरे व त्यांभोवतालची शिवारे तोडून देण्यात आली. ज्यास सलग भूमी नाही त्याचा वाटा सर्वांच्या वाट्यांतून काढावा, ही कल्पना इतकी जुनी आहे.

ह्यावर आक्षेप आहेत, आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. नेमलेला प्रतिनिधी हा नेमणाऱ्याचा मिंधा होतो. हा आक्षेप आम्हांस खराच वाटतो. दुसरा आक्षेप असा की, निराळ्या मतदारयादीने निराळेपण वाढते. १९३२ साली येरवड्यास जो पुणे करार झाला, त्याच्या मुळाशी हाच वाद होता, आणि त्या वादात दोन्ही बाजूंस थोर माणसे होती. म्हणून आम्ही विधानसभेविषयी आज काही मागत नाही. आमचे म्हणणे जिल्हा परिषदेपुरते आहे. जिल्ह्यात ज्या जमाती विखुरलेल्या आहेत, मग त्यांचे नाव कोणत्याही यादीत असो, त्यांच्यासाठी सारा जिल्हा हाच एक मतदारसंघ धरून एक सभासद त्यांच्याच मतांनी निवडला जावा. त्यांच्या पाठीशी सलग गावे नाहीत, म्हणून त्यांच्या वस्त्यांचीच बेरीज करावी. ह्यास कायद्यात दुरुस्ती लागेल, कदाचित संविधानातही. ती होईपर्यंत करता येण्यासारखी एक गोष्ट आहे: नगरपरिषदांवर विशेष अनुभवाच्या व्यक्ती नामनिर्देशित करण्याची तरतूद आजही कायद्यात आहे. त्या जागांवर बहुधा निवडणुकीत पडलेल्यांचे अथवा उमेदवारी न मिळालेल्यांचे समाधान केले जाते. पालात आयुष्य काढलेल्या माणसाचा अनुभव विशेष नव्हे, असे कोणी म्हणावे?

पण अशा जागी बसण्याजोगी माणसे ह्या लोकांत आहेत तरी कोठे, असे आमच्या एका स्नेह्यांनी विचारले. ह्याचे उत्तर शोधण्यास जामखेडबाहेर जावे लागत नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने येथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या ज्या स्त्रिया आरोग्यसेविका म्हणून निवडल्या, त्यांत पुष्कळशा दलित व गरीब घरच्या होत्या. कित्येकींस अक्षरओळख नव्हती. त्या बाळंतपणे सुखरूप करू लागल्या, बालकांचे मृत्यू घटले, आणि ज्या घरांत त्यांस ओट्यावरही बसू देत नसत त्या घरांतून त्यांस रात्री-अपरात्री बोलावणी येऊ लागली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. दूरदेशचे वैद्य ते काम पाहावयास येऊ लागले, आणि त्यांस शिकविण्यास ह्याच बायका उभ्या राहिल्या. त्या आधी पुढारी होत्या आणि मग त्यांस काम दिले, असा क्रम नव्हता. सोलापूरच्या सेटलमेंटमध्येही शिकविणारे होते, औषध देणारे होते. तेथे नव्हती ती एवढी एकच गोष्ट.

केंद्र सरकारने ह्या जमातींसाठी बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याचा अहवाल २००८ साली आला. पुढे भिकू रामजी इदाते यांचा आयोग झाला. दोन्ही गृहस्थ महाराष्ट्राचेच. दोन्ही अहवालांत एक तक्रार समान आहे: ह्या लोकांची खरी गणतीच कोणी केलेली नाही. १९३१ नंतर सर्व जातींची शिरगणती झाली नाही. ती पुढील जनगणनेत करण्याचे सरकारने २०२५ साली ठरविले. गणतीदार जेव्हा वस्तीवर जातील, तेव्हा तेथे कोण असेल आणि ऊसतोडीस कोण गेलेले असेल, ह्याची आम्हांस चिंता वाटते. आमच्या तालुक्यातील बहुतेक गणतीदार शिक्षकच असणार. त्यांस आमची विनंती आहे की, गावाची यादी पुरी झाली असे लिहिण्यापूर्वी गायरानाच्या कडेने एक फेरी मारावी.

आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस एक काम सांगतो. येत्या २ ऑक्टोबरला बहुतेक गावांतून ग्रामसभा भरेल. आपल्या वडिलांबरोबर अथवा आईबरोबर तेथे जावे. आपल्या गावच्या शिवारात पारध्यांची, वडारांची, कैकाड्यांची, मसणजोग्यांची किती घरे आहेत हे आधी स्वतः पायी जाऊन मोजून ठेवावे. मग त्या घरांपैकी सभेस कोण आले, आले असल्यास कोठे बसले, बोलले काय, आणि बोलले असल्यास सभावृत्तान्ताच्या वहीत ते उतरले काय, हे पाहावे. चार ओळींत लिहून आमच्याकडे द्यावे. आलेली उत्तरे गावांच्या नावांसह पुढील वर्षीच्या अंकात छापू.